पोरांना राबवायच्या आधी त्या मावशींना विचारा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका युवक मंडळाच्या कार्यकर्त्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: गावातल्या तीन पोरांनी (वयं पंधरा, सोळा आणि सतरा) एका विधवा मावशींच्या विहिरीवरची मोटरीची केबल आणि स्टार्टर चोरला आणि बेळगावात भंगारात विकला. माल बारा हजारांचा, पोरांच्या हातात पडले अठराशे. तिघांपैकी एक हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला, इथं मामाकडं राहायला आलेला. पंच म्हणतात, पोलिसांत गेलं तर पोरांचं आयुष्य वाया जाईल. त्यापेक्षा देवळाच्या बांधकामावर दोन महिने राबवू, तेवढ्यात फिटेल. देखरेख युवक मंडळानं करायची. हे योग्य आहे का, आणि कायद्यात बसतं का?

दादा, तुमच्या गावानं पोरांना झाडाला बांधून मारलं नाही, त्यांचे व्हिडिओ काढून सगळीकडं फिरवले नाहीत, उलट काहीतरी भरून निघावं असा विचार केला, ही मोठी गोष्ट आहे. मी बेळगाव-खानापूर भागात वीसेक वर्षं अशा मुलांबरोबर काम करते. त्यांतली तीन वर्षं बाल न्याय मंडळावर, म्हणजे अठराखालच्या मुलांच्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या मंडळावर, सामाजिक कार्यकर्ता सदस्य म्हणून बसले. (या मंडळाला आपल्याकडं सगळे बोर्ड म्हणतात, मीही पुढं तसंच म्हणते, नाहीतर तुमच्या युवक मंडळात आणि त्यात घोळ होईल.) त्या अनुभवातून सांगते. तुमचा सगळा प्रश्न दोनदा वाचला. त्यात पोरं आहेत, पंच आहेत, देऊळ आहे, युवक मंडळ आहे. मावशींना काय हवंय हे मात्र कुठंच नाही. पोरं दोन महिने देवळावर विटा वाहतील, देऊळ उभं राहील. मावशींची केबल कुठून येणार?

हा प्रश्न मला एका माणसानं शिकवला. शहरात एका चौकात त्यांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. सोळा वर्षांच्या एका मुलानं त्यांची पान्यांची लाकडी पेटी उचलून बाजारात विकली. तीस वर्षं हाताळलेले पाने, पकडी, टायर काढायच्या पट्ट्या. मुलगा पहिल्यांदाच सापडलेला, शाळा मध्येच सुटलेली. बोर्डानं त्याला समुदाय सेवा दिली: दर रविवारी चार तास सरकारी दवाखान्यात, तीन महिने. व्हीलचेअर ढकलायची, केसपेपरच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना हात द्यायचा. मुलानं ते मन लावून केलं, नर्सबाई खूश, अहवाल छान. ही आनंदाची बातमी सांगायला मी काकांच्या दुकानात गेले. ते घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होते. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून उसना आणलेला पाना पायाशी होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाले, "अक्का, त्या पोरानं दवाखान्याचं काय चोरल्यालं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. समाजासाठी केलेली सेवा ही एक. ज्याचं नुकसान झालं त्याची फेड ही दुसरी. पहिलीनं दुसरी आपोआप होत नाही.

आता कायद्याचं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १८ मध्ये, चौकशीअंती मुलाच्या हातून गुन्हा झाला असं ठरल्यावर बोर्ड काय काय करू शकतं याची यादी आहे: समज देऊन घरी पाठवणं, गटात समुपदेशन, समुदाय सेवा, मुलाला किंवा पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात देणं, आणि अगदी शेवटी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. समुदाय सेवा २००० च्या कायद्यातही होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल किंवा त्याची किंमत परत केली तर, मोठ्या माणसांनाही समुदाय सेवा देता येऊ लागली. ती बातमी वाचून मुलांसाठीही हे आत्ताच निघालंय असं बऱ्याच जणांना वाटलं. मुलांसाठी ते आधीपासून आहे आणि त्याला पाच हजारांची मर्यादा नाही.

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत समुदाय सेवेची व्याख्या आहे. ती चौदा वर्षांवरच्या मुलांसाठी, आणि उदाहरणं अशी: बागेची निगा, वृद्धांची सेवा, दवाखान्यात मदत, अपंग मुलांची सेवा, रहदारीला स्वयंसेवक. चोरी झालेल्या माणसाकडं जाऊन त्याचं नुकसान भरून देणं हा वेगळा पर्याय कलम १८ च्या यादीत नाही. म्हणून बोर्डासमोर तो विषय कुणीतरी काढावा लागतो. परिविक्षा अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण प्रोबेशन ऑफिसर म्हणतो, ते मुलाच्या घरची-दारची माहिती घेऊन सामाजिक तपास अहवाल देतात. मुलगा आणि नुकसान झालेली व्यक्ती दोघंही स्वखुशीनं तयार असतील तर त्या अहवालात फेडीची योजना लिहून द्यायला त्यांना सांगता येतं. आम्ही गेली अनेक वर्षं हाच रस्ता वापरतो. बोर्ड देखरेखीसाठी एखादी संस्था, व्यक्ती किंवा गट नेमू शकतं, त्यामुळं तुमचं युवक मंडळही नेमलं जाऊ शकतं. पण बोर्डानं नेमल्यावर. पंचांनी नेमून चालत नाही.

"पोलिसांत गेलं तर आयुष्य वाया" ही भीती मी रोज ऐकते, आणि आपल्या भागात तिचं एक खास रूप आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. गावातली निम्मी पोरं पहाटे रस्त्यावर पळत असतात. प्रत्येक आईचं पहिलं वाक्य असतं, "याची भरती आता गेली की हो." तर नीट ऐका. साधी चोरी, जिला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, ती या कायद्यात किरकोळ गुन्हा धरली जाते. किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यांत, सोबत कुणी सज्ञान आरोपी नसेल तर, आदर्श नियमांप्रमाणं मुलावर एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बोर्डाकडं जातो. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याशीच बोला. आणि कलम २४ सांगतं की बोर्डाच्या आदेशामुळं मुलाला पुढं कुठलीही अपात्रता चिकटत नाही. मोटरीच्या खोलीचं कुलूप तोडलं असेल तर कलमं बदलू शकतात, गुन्हा गंभीर गटात जाऊ शकतो. तरीही तो बोर्डापुढंच चालतो आणि कलम २४ तसंच लागू राहतं.

मग पंचांपुढं मिटवायचंच नाही का? इथं मी एका शब्दात उत्तर देणार नाही, कारण ते गावावर आणि पंचांवर अवलंबून आहे. मावशींनी तक्रार द्यायची की नाही हा त्यांचा निर्णय. साधी चोरी मालकाच्या संमतीनं मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत मोडते. दोन घरांनी समजुतीनं पैसे परत केले तर त्यात वावगं काही नाही. पण कुठल्याही आदेशाशिवाय एखाद्याच्या पोराला देण्यापोटी दोन महिने राबवणं ही वेगळी गोष्ट झाली. घटनेचं कलम २३ आणि १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा अशाच प्रकारासाठी आहे. पंचांच्या मनात वाईट काही नसेल, मला मान्य आहे. तरी पाचव्या आठवड्यात एखादं पोरगं येत नाही म्हणालं, तर तुमचे कार्यकर्ते काय करणार? त्याला घरातून ओढून आणणार? त्या क्षणी चुकीच्या बाजूला तुम्ही असाल.

आणखी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीय. पंचांपुढं तीन पोरं उभी राहतात तेव्हा तिघांना सारखा निकाल क्वचित मिळतो. ज्याच्या बापाची सोसायटीत ओळख आहे त्याचं पोर "नादानीत गेलं". जो परगावचा, मामाकडं राहिलेला, तो "म्होरक्या". तुमच्या प्रश्नातही चंदगडच्या मुलाचा उल्लेख वेगळा आलाय, म्हणून सांगते. त्याचा वाटा एक तृतीयांशच आहे, जास्त नाही.

त्या मुलाबद्दल कायदा काय म्हणतो तेही सांगते, सीमेवरच्या गावांना हे माहीत असायला हवं. गुन्हा इथं घडला म्हणून चौकशी इथल्याच बोर्डापुढं पूर्ण होते. अंतिम आदेश झाल्यावर, मुलाच्या हिताचं असेल तर, बाल न्याय कायद्याच्या कलम ९५ प्रमाणं त्याच्या घरच्या जिल्ह्यातल्या बोर्डाशी बोलून त्याला तिकडं सोपवता येतं, म्हणजे चंदगडच्या मुलाला कोल्हापूरच्या बोर्डाकडं. चौकशीच्या आधी नाही. फेड ठरवताना हे लक्षात ठेवा. तो मामाकडं राहणार आहे की गावी परत जाणार, हे पहिल्याच दिवशी त्याच्या आईला विचारा. नाहीतर निम्मी फेड झाल्यावर पोरगं हद्दीपलीकडं जातं आणि मावशींचे पैसे दोन राज्यांच्या मध्ये अडकतात.

आणि भाषेचं. इथला बहुतेक कागद कन्नडमध्ये असतो. मी कितीतरी आयांना, काय लिहिलंय ते न कळता, अंगठा उठवताना पाहिलंय. एका आईला वाटत होतं की आपण पोराला सोडवण्याच्या कागदावर सही केली. त्यात होतं की दर शनिवारी हजेरी. तीन शनिवार चुकले आणि पोरगा पुन्हा बोर्डापुढं. इथं भाषेच्या भांडणाचा काही संबंध नाही, मुलाला आपल्या डोक्यावर काय आहे ते कळलं पाहिजे एवढंच. कार्यवाहीची भाषा मुलाला समजत नसेल तर दुभाषी द्यायची जबाबदारी कायद्यानं बोर्डावरच टाकलीय, कलम ८ मध्ये. मागितला की मिळतो, लोक मागत नाहीत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

इथवरचं थोडक्यात: बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडं जा, बोर्डाला घाबरू नका, फेडीची योजना प्रोबेशन ऑफिसरमार्फत बोर्डापुढं ठेवा, आणि देवळाचं काम बाजूला ठेवा.

आता पैशांचा हिशोब. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण चांगल्या मनानं केलेली कामं इथंच फसतात.

पहिली चूक, बापानं पैसे टाकणं. एका कंत्राटदाराच्या मुलानं शेजाऱ्याच्या दुकानाची काच फोडून गल्ला नेला होता. बाप आला, वीस हजार टेबलावर ठेवले, "विषय संपवा" म्हणाला. मुलगा बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघत होता. दुकानदाराचे पैसे आले, ते ठीकच. मुलाकडून मात्र काहीच फिटलं नव्हतं, कारण त्याच्या हातून काही गेलंच नव्हतं. चार महिन्यांनी तो दुसऱ्या प्रकरणात आला. बापानं पैसे भरले म्हणूनच असं झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण असं मी एकदाच पाहिलेलं नाही.

दुसरी चूक उलटी, मुलाला न झेपणारं देणं. एका मुलानं कुणाची तरी मोटारसायकल पळवून ओढ्यात घातली. दुरुस्ती पंचेचाळीस हजार. घरच्यांनी आणि गाडीवाल्यानं मिळून ठरवलं, पोरानं राबून सगळे फेडायचे. पाच आठवडे तो आला. सहाव्या आठवड्यात चोर्ला घाटातून गोव्याला गेला आणि हॉटेलात भांडी घासायला लागला. गाडीवाल्याला मिळाले दोन हजार. पोराला बिचाऱ्याला शेवटच दिसत नव्हता. मोठ्या माणसाला कर्जाचा शेवट दिसला नाही तर तोसुद्धा गाव सोडतो.

म्हणून माझा आग्रह असा, की देणं मुलाच्या स्वतःच्या कष्टातून साधारण तीन महिन्यांत संपेल एवढंच त्याच्या अंगावर टाकायचं. उरलेलं पालकांनी भरावं, किंवा नुकसान झालेल्या माणसानं समजून सोडावं. पण मुलाचा वाटा मुलाचाच. तुमचं उदाहरण घेऊ. बारा हजार भागिले तीन, प्रत्येकी चार हजार. शाळा सांभाळून आठवड्याला आठ तास काम होतं: रविवारी चार, आणि मधल्या दोन दिवशी दोन-दोन. समजा तासाला साठ रुपये. (प्रत्यक्ष दर त्या कामाच्या किमान वेतनाखाली जाता कामा नये, तेवढं मालकाकडून पक्कं करून घ्या.) त्यातले पंचेचाळीस मावशींना, पंधरा मुलाच्या हातात. म्हणजे साधारण एकोणनव्वद तास, अकरा-बारा आठवडे. काम उन्हाळ्याच्या सुरुवातीला चालू झालं तर पाऊस लागायच्या आत फिटतं.

मुलाच्या हातात पंधरा कशाला, असं पंच नक्की विचारतील. चोराला पगार? मीही सुरुवातीला असंच म्हणायचे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात क्विन्सी शहराच्या न्यायालयानं १९७० च्या दशकात एक कार्यक्रम चालवला: तिथल्या दुकानदारांनी, कारखानदारांनी ठरावीक तासांचं पगारी काम द्यायचं, पोरांनी त्या मजुरीतला मोठा भाग नुकसान झालेल्याला द्यायचा, थोडा स्वतःकडं ठेवायचा. आमच्याकडं करून बघितलं तेव्हा त्यातलं शहाणपण कळलं. ज्या पोरानं स्वतःच्या घामाचे पंधरा रुपये खिशात घालून पाहिलेत, त्याला दुसऱ्याच्या बारा हजारांचं वजन कळतं. भंगारातले अठराशे रुपये एका संध्याकाळी उडाले होते ना? हे पंधरा उडत नाहीत.

काम कुठलं? रोपवाटिकेत पिशव्या भरणं, छापखान्यात पत्रिकांच्या घड्या घालणं, किराणा दुकानात माल मोजून पुड्या बांधणं. फाउंड्रीत नको, खाणीत नको, फटाक्यांच्या किंवा पेट्रोलच्या जवळपास नको. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. चौदाखालच्यांना कामाला ठेवायला बंदी आहे आणि चौदा ते अठरामधल्यांना धोक्याचं काम देता येत नाही. शिवाय माझ्याकडून ऊसतोड नको, निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारी नकोत. आणि देवळाचं बांधकाम अजिबात नको: परांचीवरून पोरगं पडलं तर जबाबदार कोण? सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर नको, परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी. मुलाला कामावरून हाकलू शकेल असा मालक हवा, पण हाकलायच्या आधी आम्हाला फोन करेल असा.

एक साधी वही ठेवा. तारीख, आलेला वेळ, गेलेला वेळ, रुपये, मालकाची सही, मुलाची सही. दर पंधरवड्याला पैसे मावशींना, त्यांचा अंगठा किंवा सही त्याच वहीत. वही मुलाकडं राहू द्या, प्रत तुमच्याकडं. आमच्या एका मुलानं वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, शाळेच्या वहीला घालतात तसं.

आता मावशी. त्यांचं नुकसान बारा हजारांचंच आहे असं धरून चालू नका. मोटर बंद पडल्यावर रानात काय होतं? मिरची होती की वांगी? किती दिवस पाण्याविना गेले? केबल रात्री तोडली. त्यानंतर त्या रानात एकट्या जातात का? हे बोर्डाच्या कुठल्याही फॉर्मवर येत नाही. सुकलेल्या मिरचीचे पैसे पोरांकडून वसूल होणार नाहीत, हे मी त्यांना तोंडावर सांगेन. पण त्यांनी ते पोरांसमोर बोलावं एवढी जागा आपण करू शकतो.

कॅनडात ऑंटारिओ प्रांतात एल्मायरा गावी १९७४ मध्ये दोन पोरांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली होती. त्यांच्या प्रोबेशन ऑफिसरनं न्यायाधीशांना सुचवलं की पोरांना दारोदारी पाठवूया. पोरं गेली, लोकांना भेटली, नुकसान विचारलं आणि काही महिन्यांत भरून दिलं. न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यात मुलाचं कुटुंब, नुकसान झालेली व्यक्ती आणि पोलीस एकत्र बसतील अशी बैठकच घालून दिली. आपल्या गावकीला हे अनोळखी वाटायचं कारण नाही, बसून बोलायची सवय आपल्याला आहे. फरक एवढाच की आपल्या बैठकीत ज्याचं गेलं तो कोपऱ्यात बसतो आणि बोलतात दुसरेच.

बैठकीआधी मी नुकसान झालेल्या व्यक्तीला एकटीला भेटते, किमान दोनदा. "नाही, मला त्यांचं तोंड बघायचं नाही," असं त्या म्हणाल्या तर विषय संपला; पैसे वहीतून जातील, भेट होणार नाही. मग मुलांना वेगवेगळं भेटते. जो मुलगा "मी केलंच नाही" म्हणतो त्याला या बैठकीत बसवत नाही. त्याची चौकशी बोर्ड करेल, गावानं त्याच्याकडून कबुली काढायची नाही. दोघं तयार झाले तरच एका खोलीत, सहा-सात माणसांच्या वर नाही. पाया पडायला लावायचं नाही, मोबाइल बाहेर. मुलाचं नाव-फोटो उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मंडळाच्या ग्रुपवर "सुधारलेली मुलं" म्हणून फोटो टाकलात तरी तेच.

सायकलवाल्या काकांना मी पुढं असंच विचारलं होतं, उशिरा का होईना. मला वाटलं पैसे म्हणतील. ते म्हणाले, "पोरगं माझ्यासंगं बाजारात येऊ दे. पेटी कुठं विकली ते दाखवू दे." तीन रविवार दोघं जुन्या लोखंडाच्या ढिगांतून फिरले. दोन पाने सापडले, एकाच्या मुठीवर काकांनी गुंडाळलेली चिकटपट्टी तशीच होती. बाकीच्यांसाठी मुलानं रोपवाटिकेतल्या कामातून सव्वीसशे रुपये दिले. आमच्या कुठल्याच आदेशात बाजारात फिरणं बसलं नसतं. ते काकांना विचारल्यामुळं कळलं.

ही पद्धत सगळीकडं लावू नका. मारहाण, लैंगिक गुन्हा, जातीवरून केलेला अत्याचार, यांत समोरासमोर बसवून मिटवणं मी करत नाही, आणि कुणी सुचवलं तर विरोध करते. मुलगा व्यसनात असेल तर आधी त्याचा उपचार. नाहीतर खिशातले पंधरा रुपये कुठं जातील ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचं नुकसान झालं तो गावात इतका मोठा असेल की मुलाच्या घरच्यांना नाही म्हणताच येत नाही, तिथंही बाहेरचं माणूस मध्ये हवं.

आणि तो भंगारवाला. तुमच्या पत्रात तो एका ओळीत येऊन गेला. बारा हजारांचा माल पंधरा-सतरा वर्षांच्या पोरांकडून अठराशेला घेताना त्यानं काही विचारलं नाही. जळक्या प्लास्टिकच्या वासाची तांब्याची तार शाळकरी पोरं कुठून आणतात हे त्याला कळत नाही होय? चोरीचा माल जाणूनबुजून घेणं गुन्हा आहे, आणि मुलांना असल्या कामाला लावणाऱ्या सज्ञान माणसाला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोरांना हे त्यानंच सुचवलं होतं का, हे बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला शांतपणे विचारू द्या. बहुतेक गावांत तिघं पोरं फेडतात आणि तो पुढच्या तिघांची वाट बघत असतो.

आता तुम्ही आधी काय करायचं? पोरांकडं जाऊ नका, पंचांची बैठकही चार दिवस पुढं ढकला. मावशींना भेटायला जा. सोबत पंच नकोत; त्यांच्या ओळखीची, त्या ज्यांच्यापुढं मोकळं बोलतील अशी एखादी बाई न्या. मोटर परत सुरू झालीय का ते आधी विचारा. झाली नसेल तर शेजारच्या विहिरीवरून आठ-पंधरा दिवस पाणी द्यायची सोय युवक मंडळ आजच करू शकतं, त्याला बोर्डाची परवानगी लागत नाही. मग त्यांना काय हवंय ते विचारा, आणि त्या म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्या. प्रोबेशन ऑफिसरकडं जाताना तो कागद वर ठेवा.